खडकाचे दळण व त्यातील भेसळ

जात्यावर दळण्याची चाल आता बहुतेक घरांतून गेली आहे. तथापि तिच्यात एक शहाणपण होते, ते जाऊ देण्यासारखे नाही. नव्या जात्यावरचे, किंवा नुकतीच टाकी लावलेल्या जुन्या जात्यावरचे, पहिले दळण कोणी खाण्यासाठी घेत नसे. आधी मूठ-दोन मूठ कोंडा किंवा भरड धान्य दळून ते टाकून देत. कारण टाकीच्या घावांनी सुटे झालेले दगडाचे कण पिठात उतरत आणि भाकरी दाताखाली कचकचे. जाते धान्य दळते हे सर्वांना दिसते. पण ते स्वतःलाही थोडेसे दळत असते, हे भाकरी खाणाऱ्यालाच कळते.

रसायनशाळेत खडकाची पूड करणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न फार कठीण रूपाने उभा राहतो. धान्य मऊ असते, जाते कठीण असते. येथे दळायची वस्तूच दगड आहे. ती दळणाऱ्या साधनाला झिजवते आणि झिजलेले साधन पुडीत मिसळते. शिवाय त्या पुडीची परीक्षा दातांनी होत नाही. दशलक्ष भागांत एखादा भाग असलेला पदार्थही ओळखणारी यंत्रे तिची परीक्षा करतात. यंत्र खरेच सांगते. परंतु जे त्याच्यापुढे ठेवले त्याविषयीच ते खरे सांगते. खडकाचे कण कोणते आणि खलाचे कोणते, हे त्याला कळत नाही. म्हणून पृथक्करणाचा खरेखोटेपणा यंत्राच्या खोलीत ठरण्यापूर्वी पुष्कळसा दळणाच्या खोलीत ठरलेला असतो. या लेखात आम्ही त्या दुसऱ्या खोलीची ओळख करून देणार आहोत.

हजिऱ्याला येणारे दगड

या विषयासाठी आम्ही सुरत जिल्ह्यातील हजीरा हे ठिकाण निवडले, याचे काहींना नवल वाटेल. कारण हजिऱ्याला डोंगर नाही, खाण नाही, उघडा कातळही नाही. तापी नदी जेथे समुद्राला मिळते तेथील ही गाळाची, वाळूची आणि भरती-ओहोटीच्या चिखलाची भूमी आहे. तरीही येथे दगड दोन वाटांनी येतो.

पहिली वाट तापीची. मध्यप्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावून, खानदेशातून वाहत ही नदी सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करते. तिच्या मार्गाचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बसाल्टातून जातो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक बनला. ऊन, पाऊस आणि प्रवाह त्याला झिजवतात आणि त्याचा चुरा नदी समुद्राकडे नेते. खानदेशातून सुरतेस येऊन राहिलेल्या हजारो मराठी कुटुंबांच्या आधी, त्याच दिशेने, त्यांच्या गावचा दगड आलेला आहे.

दुसरी वाट समुद्राची. हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यात लोहखनिज लागते. हा कारखाना पूर्वी एस्सार कंपनीचा होता आणि २०१९च्या अखेरीपासून आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांच्याकडे आहे. छत्तीसगडातील बैलाडिला डोंगरांच्या भागात, किरंदुल येथे, बारीक केलेले खनिज पाण्यात कालवून सुमारे २६७ किलोमीटर लांबीच्या नळातून विशाखापट्टणमला पाठवले जाते. तेथे त्याच्या लहान गोळ्या वळून भाजतात. त्यांना पेलेट म्हणतात. त्या जहाजांत भरून भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालीत हजिऱ्यापर्यंत आणल्या जातात.

या दोन्ही दगडांविषयी माणसाला नेमके उत्तर हवे असते. तापीच्या मुखाजवळच्या गाळात क्रोमियम, निकेल, तांबे किंवा जस्त किती आहे? त्यातले बसाल्टातून निसर्गतः आलेले किती आणि वस्तीच्या व कारखान्यांच्या सांडपाण्यातून आलेले किती? तसेच जहाजातून उतरलेल्या मालात लोह किती, वाळूचा अंश म्हणजे सिलिका किती, आणि पोलादाला ठिसूळ करणारे फॉस्फरस किती? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर नदीकाठच्या लोकांचे आरोग्य आणि कोणावर ठपका यावा हे अवलंबून असते. दुसऱ्यावर मालाची किंमत आणि भट्टीचे काम. उत्तर चुकले तर निर्दोषाला दोष लागेल किंवा दोषी सुटून जाईल.

पूड करावी तरी कशासाठी?

खडक आहे तसाच का तपासत नाहीत? याची कारणे दोन आहेत. एक असे की, खडक एकजिनसी नसतो. बसाल्टाचा तुकडा भिंगाखाली धरला तर फेल्डस्पार, पायरोक्सीन, मॅग्नेटाइट अशा निरनिराळ्या खनिजांचे कण दिसतात. सोलून घेतलेल्या एका टवक्यात एखादे खनिज अधिक आले तर साऱ्या खडकाविषयी भलतेच अनुमान निघेल. दुसरे कारण असे की, अम्ल किंवा वितळवणारा क्षार खडकाच्या पृष्ठभागावरच काम करू शकतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १,००० घन केले तर एकूण पृष्ठफळ ६० होते. आणखी बारीक करून बाजू दशांश मिलिमीटर केली तर तेच ६०० होते. वस्तू तीच, वजन तेच. पण अम्लाला शिरण्यासाठी शंभरपट दारे उघडली. म्हणून अनेक प्रयोगशाळांत ७५ मायक्रॉन, म्हणजे ०.०७५ मिलिमीटर, भोकांच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक पूड करतात. एका इंचात २०० छिद्रे असल्यामुळे तिला दोनशेची चाळणी म्हणतात.

शेवटी तपासणीला जाणारा भाग किती लहान असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. समजा, १ लाख टन माल आला. त्याचे १०० अब्ज ग्रॅम होतात. त्यांच्या वतीने साक्ष द्यायला अखेर एखादाच ग्रॅम भट्टीत किंवा अम्लात जातो. ती साक्ष खरी ठरावी म्हणून माल उतरत असताना ठरावीक अंतराने ठिकठिकाणचे भाग घेतात, ते एकत्र करून भरड फोडतात, मिसळतात आणि मग कमी करतात. कमी करण्याची जुनी रीत शेतकऱ्यांच्या मुलांना खळ्यावरची रास पाहून सहज समजेल. पुडीची शंकूसारखी रास करावी, ती वरून दाबून पसरावी, तिचे चार सारखे भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत व दोन दूर करावेत. पुन्हा मिसळावे, पुन्हा रास करावी. दर खेपेस माल निम्मा होतो, परंतु त्याचा स्वभाव तोच राहतो. मात्र क्रम चुकू नये. आधी बारीक करावे, मग वाटावे. मोठे खडे तसेच ठेवून वाटणी केली तर एखादा खडा ज्या वाट्यात पडेल तो वाटा बिघडतो.

साधन आणि त्याची झीज

आता प्रत्यक्ष फोडणीकडे वळू. शेतात किंवा डोंगरात घेतलेल्या खडकाची हवेने कुजलेली साल प्रथम काढून टाकतात. हातोड्याचे घाव जेथे बसले तेथे लोखंडाची रेघ उमटते. ते टवके वगळतात. मग तुकडे शुद्ध पाण्याने धुऊन वाळवतात. पुढे जबड्यासारखे यंत्र, ज्याला जॉ क्रशर म्हणतात, त्यांचे हरभऱ्याएवढे खडे करते. त्याच्या दोन पोलादी पट्ट्यांपैकी एक स्थिर असते व दुसरी दाढेसारखी पुढेमागे हलते. अखेरची बारीक पूड रिंग मिलमध्ये होते. एका जाड डब्यात एक कडे व एक भरीव चकती असते. डबा वेगाने गरगर हलवला की त्यांच्या फटींत सापडून खडे काही मिनिटांत पिठासारखे होतात.

प्रश्न आहे तो हा डबा कशाचा असावा. येथेच नवख्या माणसाला वाटते की सर्वांत कठीण पदार्थ घ्यावा म्हणजे झाले. तसे होत नाही. प्रत्येक साधन आपला काही अंश देतेच. कमीअधिक एवढाच फरक. पोलादी डबा लोह देतो, आणि पोलाद क्रोमियम मिसळलेले असेल तर क्रोमियमही देतो. टंगस्टन कार्बाइड फार कठीण असते. पण त्याचे कण कोबाल्टने सांधलेले असतात, म्हणून ते टंगस्टन व कोबाल्ट सोडते. अल्युमिनाचा डबा अल्युमिनियम देतो. अकीकाचा डबा सिलिका देतो. एवढेच काय, पितळी चाळणी तांबे आणि जस्त देते. तिच्या कडेला डाख दिलेला असेल तर कथील व शिसेही येऊ शकते. म्हणून धातूंच्या सूक्ष्म तपासणीसाठी नायलॉनच्या जाळीची चाळणी वापरतात.

ही देणगी केवढी असते, याचा एक हिशेब करून पाहू. समजा, १०० ग्रॅम बसाल्ट दळताना डब्याचे ०.०५ ग्रॅम पोलाद झिजून त्यात मिसळले. हे वजन सामान्य तराजूला कळणारही नाही. समजा, त्या पोलादात १२ टक्के क्रोमियम आहे. तर पुडीत ०.००६ ग्रॅम क्रोमियम आले, म्हणजे दर दशलक्ष भागांत ६० भाग. मूळ खडकात ते १०० भाग असेल तर यंत्र सुमारे १६० दाखवील. हाच हिशेब लोहाचा केला तर? बसाल्टात लोह सुमारे दहा टक्के असते. त्यात या पोलादाची भर अर्ध्या दशांश टक्क्याहूनही कमी पडते. ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. डबा तोच, झीज तीच. एका प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निर्दोष राहिले आणि दुसऱ्याचे नासले.

यावरून आम्हांला या विषयातील मुख्य नियम मिळतो: जसा प्रश्न तसे पात्र. तापीच्या गाळातील क्रोमियम शोधणाऱ्याने क्रोमियमयुक्त पोलादाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. त्याने अकीकाचा खल घ्यावा. सिलिकेची थोडी भर त्याला बाधत नाही, कारण गाळात सिलिका मुळातच विपुल असते. उलट, पेलेटमधील थोडीशी सिलिका अचूक मोजायची असेल तर तोच अकीक बाधक ठरतो. ही सिलिका मोजणे महत्त्वाचे आहे. कारण ती भट्टीत धातुमळी वाढवते व तिच्यापायी वीज खर्ची पडते. गाळासाठी जे साधन सज्जन, तेच खनिजासाठी दुर्जन! सर्व प्रश्नांना चालेल असे एक पात्र नाही. म्हणून पुष्कळदा एकाच नमुन्याचे दोन भाग करून ते दोन वेगळ्या पात्रांत दळावे लागतात.

अकीकाचा खल

अकीकाची कथा येथे सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्याच भूमीची आहे. दख्खनचा लाव्हारस थिजत असताना त्यात वायूच्या फुग्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी त्यांत झिरपले आणि वर्तुळावर वर्तुळ साचून अकीक बनला. मूळ बसाल्ट झिजून गेला, पण अकीकाचे गोटे टिकले. भडोच जिल्ह्यात राजपीपळ्याच्या डोंगरांलगत रतनपूरच्या परिसरात ते गाळाच्या थरांतून काढतात, आणि खंभातचे कारागीर त्यांना घडवतात. हा व्यापार फार प्राचीन आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून भडोचच्या बंदराला येत, असे नमूद आहे. मण्यांबरोबरच खंभातला प्रयोगशाळांसाठी अकीकाचे खलबत्तेही बनतात. बसाल्टाला निर्मळपणे दळणारे हे साधन बसाल्टाच्याच पोटी जन्मले, हा योग मनोहर आहे.

मात्र या मनोहरपणाची एक किंमत आहे आणि ती माणसांनी भरली आहे. अकीक घासताना उडणारी सिलिकेची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचते व सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो. खंभातच्या कारागिरांमधील या रोगाचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने केला आहे. खडक दळणाऱ्या प्रत्येक खोलीलाही तोच धोका असतो. म्हणून तेथे धूळ ओढून घेणारी नळी व तोंडावर योग्य मुखवटा हवाच. नमुना निर्मळ राहावा आणि माणसाची छाती मात्र मलिन व्हावी, याला शास्त्र म्हणता येणार नाही.

अकीक कठीण आहे, पण ठिसूळही आहे. त्याच्या खलात कुटायचे नसते, घोटायचे असते. वरून घाव बसला तर तो तडकतो. म्हणून आधी दुसऱ्या साधनाने बारीक खडे करून घ्यावे लागतात. घोटायला वेळ लागतो, आणि अधीर माणसाच्या हातून हे काम होत नाही.

मागच्या नमुन्याचा शेष

साधनाच्या झिजेइतकाच दुसरा शत्रू म्हणजे आधी दळलेल्या नमुन्याचा राहून गेलेला अंश. पोलादाच्या कारखान्याला लोहखनिज लागते, चुनखडी लागते, कोळसाही लागतो. आणि हे सारे तपासावे लागते. एकामागून एक वेगळ्या जातीचे पदार्थ एकाच डब्यात दळले तर पहिल्याची चव दुसऱ्याला लागणारच. यावरचा उपाय तोच, जो आपल्या आज्यांना ठाऊक होता. दोन नमुन्यांच्या मध्ये डब्यात शुद्ध गारेची वाळू दळून ती फेकून देतात. मग ब्रशाने व दाबाच्या हवेने डबा साफ करून, पुढच्या नमुन्याचीच चिमूट दळून तीही टाकतात आणि नंतरच खरे दळण घेतात. नमुन्यांचा क्रम लावतानाही शोधायचा पदार्थ ज्यात कमी असण्याचा संभव, तो आधी घेतात.

तरीही शंका राहतेच. तिचे निरसन करण्याची युक्ती फार सुंदर आहे. ज्यात शोधायचा धातू जवळजवळ नाहीच, अशी शुद्ध गार खऱ्या नमुन्यासारखीच क्रमांक देऊन सर्व यंत्रांतून काढतात. तिच्यात जर क्रोमियम निघाले तर ते दळणाच्या खोलीतूनच आले, हे सिद्ध होते. याला कोरा नमुना म्हणतात. त्याच्या जोडीला एकाच मालाचे दोन वाटे वेगवेगळ्या नावांनी पाठवतात आणि ज्याचे घटक आधीच पक्के ठरलेले आहेत असा प्रमाण नमुनाही तपासतात. अशा रीतीने प्रयोगशाळा आपली परीक्षा आपणच घेते.

अति दळणेही वाईटच. फार वेळ दळले की पूड तापते. तिच्यातील काही लोह हवेतील प्राणवायूशी संयोग पावून अधिक गंजाच्या अवस्थेत जाते, आणि बारीक पूड हवेतील ओलावा शोषते. अमेरिकेतील रसायनज्ञ हिलेब्रँड यांनी १९०८ सालीच याकडे लक्ष वेधले होते. म्हणून लोहाची अवस्था तपासायची असेल तेव्हा हवा दूर ठेवण्यासाठी अल्कोहोलसारख्या द्रवाखाली खडक घोटतात. पुरेसे झाले की थांबणे, हाही कौशल्याचाच भाग आहे.

निर्मळपणाचे फळ

या काटेकोरपणाने काय साधते? दोन उदाहरणे पुरेत. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटर्सन उल्केतील शिशाचे प्रकार मोजून पृथ्वीचे वय ठरवू पाहत होते. त्यांची उत्तरे जुळेनात. कारण धूळ, पाणी, भांडी, हवा, सर्वांतून शिसे नमुन्यात उतरत होते. त्यांनी वर्षानुवर्षे खपून आपली प्रयोगशाळा अतिशय निर्मळ केली, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. ते उत्तर आजही मान्य आहे. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. हे शिसे येते कोठून, याचा शोध घेताना त्यांना मोटारींच्या पेट्रोलात मिसळलेल्या शिशाचे संकट उमगले आणि त्याविरुद्ध ते झगडले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जी भेसळ त्यांच्या नमुन्यात होती, ती साऱ्या जगाच्या श्वासात होती.

दुसरे उदाहरण इरिडियमचे. १९८० साली लुई व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतील चिकणमातीच्या एका पातळ थरात या धातूचे असाधारण प्रमाण दाखवून, डायनोसॉरांच्या अंताच्या वेळी पृथ्वीवर मोठी अशनी आदळली असावी, असे मांडले. पुढे १९९०च्या दशकात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांना कच्छमधील अंजार येथे, दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळाच्या खडकात, इरिडियमचे वाढलेले प्रमाण आढळले. हे सारे मापन अब्जांशांचे आहे. प्लॅटिनमच्या दागिन्यात इरिडियम मिसळलेले असू शकते. म्हणून दळणाऱ्याच्या बोटातील अंगठीची न दिसणारी झीजही अशा नमुन्याला बिघडवू शकते. अंगठी उतरवून ठेवणे ही येथे रीतभात नाही, तो प्रयोगाचा भाग आहे.

करून पाहण्याजोगा प्रयोग

विद्यार्थिमित्रांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक लहानसा प्रयोग करावा. पांढऱ्या गारगोटीचे दोन-चार छोटे खडे ओल्या फडक्यात गुंडाळून लोखंडी खलबत्त्यात फोडावेत. डोळ्यांवर चष्मा असावा आणि धूळ उडू नये म्हणून खलात थोडे पाणी घालावे. मग ते पाण्यातच थोडा वेळ घोटावेत. पांढऱ्या दगडाचा गाळ करडा झालेला दिसेल. आता लोहचुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या गाळातून फिरवावे. त्याला चिकटून येणारे काळे कण गारगोटीचे नव्हेत. ते खलबत्त्याचे आहेत. मग वहीत दोन ओळी लिहाव्यात: या पुडीतील लोह मोजले असते, तर आपण गारगोटीविषयी काय म्हटले असते? आणि ते कितपत खरे ठरले असते?

हजिऱ्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर एका बाजूला खानदेशातून वाहून आलेली काळसर वाळू आणि दुसऱ्या बाजूला परप्रांतीच्या डोंगराचे लोखंड उतरवणारी जहाजे दिसतात. दोन्ही दगड मुके आहेत. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम प्रयोगशाळेकडे येते, आणि साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत हा जो न्यायालयातला नियम, तोच येथेही पाळावा लागतो. नदीकाठच्या एखाद्या गावाला आपल्या पाण्याविषयी खरे काय ते कळावे, यासाठी कोणीतरी एका बंद खोलीत अंगठी काढून, मुखवटा बांधून, गारेची वाळू दळून फेकून देत असतो. त्याचे नाव अहवालात येत नाही. परंतु अहवालातील प्रत्येक आकडा त्याच्या प्रामाणिकपणावर उभा असतो.